दुसऱ्या पटावरची बरोबरी

अशी कल्पना करा की तुम्ही एका लांबट खोलीच्या दारात उभे आहात. खोलीत चार टेबलं आहेत. प्रत्येकावर बुद्धिबळाचा एक पट, पटाशेजारी दोन तोंडांचं घड्याळ आणि समोरासमोर दोन माणसं. आत आलात तरी चालेल, पण चपला बाहेर काढा आणि खोकला येत असेल तर तो जिन्यातच उरकून घ्या. इथे सामना चालू आहे.

हा सामना दोन माणसांचा नाही, दोन संघांचा आहे. एका संघात चार जण. जिंकला त्याचा एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा, आणि चौघांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. त्यामुळे इथे हरणारा माणूस एकटा हरत नाही, शेजारच्या तिघांना घेऊन हरतो. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट सोपी जाईल.

चौथ्या टेबलावर, खुर्चीत दोन उशा घालून बसलीय ती मुंगी. वय दहा. तिचा प्रतिस्पर्धी एक बँकेतला साहेब होता आणि एव्हाना त्याला घाम फुटला होता. दुसऱ्या टेबलावर काळ्या सोंगट्या घेऊन बसली होती ती मुंगीची आत्या. तिचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तिच्यासमोरची खुर्ची मात्र रिकामी होती आणि घड्याळ चालू होतं.

त्या खुर्चीत खरं तर एक दंतवैद्य बसायचे. त्यांना ताप आला. मग समोरच्या संघाच्या कर्णधाराने ऐनवेळी स्वतःच्या भाच्याला बोलावून घेतलं. हा भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो धावतपळत आला, हात पँटला पुसत बसला आणि पांढरं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. प्याद्याच्या डोक्यावर काळं बोट उमटलं.

चष्मेवालीने आधी प्याद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ग्रीस आहे," तो हळूच म्हणाला. "सॉरी. काम अर्धं टाकून आलोय."

"लिफ्टमध्ये कुणी अडकलं नाही ना?"

"एक वकील होते. काढलं त्यांना." आणि मग, घड्याळाकडे बघत, "वाद घालत होते, म्हणून उशीर झाला."

ती हसली नाही. सामन्यात हसायचं नसतं. पण उत्तराची खेळी करताना तिचा घोडा जरा वाकडाच ठेवला गेला, आणि तो सरळ करायला तिला पुन्हा हात पुढे करावा लागला.

डाव रंगला. लिफ्टवाल्याने जी जी सोंगटी हलवली तिच्यावर काळा डाग पडत गेला. तासाभराने पांढरी फौज अशी दिसायला लागली की कोण कामाला लागलंय आणि कोण नुसतं उभं आहे, हे लांबूनही सांगता यावं. शेवटी त्याचा घोडा तिच्या राजाच्या अंगावर आला. शह! तिने राजा हलवला. घोडा फिरला, पुन्हा शह. तिने राजा परत कोपऱ्यात नेला. तिच्या घड्याळात जेमतेम दोन मिनिटं उरली होती. तिच्या मनात आलं, हा आता घोडा असाच पुढे-मागे नाचवणार, माझा राजा दोन घरांत येरझाऱ्या घालणार... म्हणजे बरोबरीच.

लिफ्टवाल्याचा हात पटाकडे निघाला. मध्येच त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. हात थांबला, मागे गेला.

"बरोबरी?" तो म्हणाला.

"चालेल," ती म्हणाली आणि तिने सुटकेचा श्वास सोडला.

मुंगीने साहेबांना हरवलं. तिसऱ्या टेबलावरही चष्मेवालीचा संघ जिंकला, पहिल्यावर हरला. म्हणजे अडीच विरुद्ध दीड. समोरचा संघ हरला, आणि त्यांचा कर्णधार, म्हणजे लिफ्टवाल्याचे मामा, कुणाशी न बोलता जिना उतरून गेले.

गोष्ट इथेच संपली असती. पण या साखळी स्पर्धेची एक रीत होती. प्रत्येक सामन्यातला एक डाव स्पर्धेच्या पत्रकात छापायचा, आणि तो ज्यांनी खेळला त्या दोघांनी एकत्र बसून त्याच्यावर टिपण लिहायचं. दोघांच्या सह्यांशिवाय चिटणीस कागद हातातही घ्यायचे नाहीत. हरलेली माणसं अशा कामाला यायला कां-कूं करतात, म्हणून चिटणीस बहुतेक वेळा बरोबरीचाच डाव निवडत.

त्यांनी दुसऱ्या पटावरचा निवडला.

*

पहिल्या संध्याकाळी लिफ्टवाला दुकानात आला तेव्हा त्याचे हात साबणाने घासून लाल झाले होते. मुंगीने ते ताबडतोब ओळखलं आणि मोठ्याने सांगितलंही. काउंटरवरच्या फ्रेमा बाजूला सारून तिघं बसली. भोवती आरसेच आरसे, त्यामुळे एक माणूस चार ठिकाणी दिसायचा. कुणाकडे बघायचं टाळायचं म्हटलं तरी जमण्यासारखं नव्हतं.

"ही सातवी खेळी," चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही घोडा मागे का नेलात? कारणच नव्हतं."

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी बघितलंय."

"कशावरून?"

"तुमची भुवई वर गेली होती."

"ती जाते. सवय आहे."

"हे पत्रकात लिहायचं का? म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल."

"लिहा की. 'काळ्याने भुवई उडवली, पांढरा घाबरला.'"

"घाबरला नाही... विचारात पडला."

"काय फरक?"

"घाबरलेला माणूस खाली बघतो," तो म्हणाला. "मी तुमच्याकडे बघत होतो."

मुंगीने जांभई दिली. सातच खेळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला दोघं बाराव्या खेळीपर्यंत पोचली. तिसऱ्या खेपेला बारावीवरच पुन्हा वाद निघाला आणि दोघं मागे अकरावीवर आली. मुंगीला कळेना, सामन्यात एक खेळी पाच मिनिटांत करणारी ही माणसं आता एकेका खेळीला चहाचे दोन दोन कप का लावतात. तिने आत्याला विचारलंही. आत्या म्हणाली, "विश्लेषण म्हणजे काय खाऊ वाटलं का तुला?" मुंगीला ते उत्तर काही पटलं नाही.

त्याच खेपेला चष्मेवाली मागे भिंग घासत होती आणि मुंगीला बरं वाटावं म्हणून लिफ्टवाल्याने तिला एक गंमत दाखवली.

"हा बघ राजा, कोपऱ्यात. एक घर सोडून त्याचाच हत्ती, पुढे त्याचीच प्यादी. घरातल्यांनीच कोंडून ठेवलाय. आता मी माझा वजीर देतो."

"देता? फुकट?"

"फुकट. राजाच्या अगदी शेजारी नेऊन ठेवतो. राजाला तो मारता येत नाही, कारण माझ्या घोड्याची नजर आहे. मग कोण मारेल?"

"हत्ती."

"मारला. आता राजाला हलायला एकही घर नाही. आणि माझा घोडा..."

"शह!" मुंगी ओरडली. "नाही... मात!"

मागे भिंग घासण्याचा आवाज थांबला होता. पण त्या दोघांच्या ते लक्षात आलं नाही.

हा प्रकार चष्मेवालीला माहीत नव्हता असं नाही. पुस्तकात तिने तो पाहिला होता. पण पुस्तकातला राजा दुसऱ्याचा असतो. स्वतःच्या राजावर तीच वेळ आली की ती ओळखू येत नाही. आता मुंगीच्या पटावर तिला ती लख्ख दिसली. कोपऱ्यातला राजा, एक घर सोडून हत्ती, तोच घोडा. दोन खेळ्यांत मात होती. आणि नेमक्या त्या क्षणी समोरच्या माणसाने बरोबरी मागितली होती.

इथे तुम्हाला तिच्याबद्दल एक सांगायला हवं. लहानपणी ती तिच्या दादाशी, म्हणजे मुंगीच्या बाबांशी, रोज खेळायची आणि रोज जिंकायची. पुढे एकदा दादा मित्राला सांगत असताना तिने ऐकलं, "मी मुद्दाम हरतो रे, रडते नाहीतर." त्यानंतर दोन वर्षं तिने पटाला हात लावला नाही. हरण्याचं तिला कधी वाईट वाटायचं नाही. कुणी जिंकू दिलेलं मात्र तिला सोसत नसे.

तेव्हा तिला आता एकच गोष्ट हवी होती. या माणसाने आपल्यावर दया केली की नाही, एवढं कळायला हवं होतं. केली असेल, तर त्याने पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही. आणि खरं सांगायचं तर त्याने पायरी चढावी असं तिला फार वाटत होतं.

*

चौथ्या खेपेला तिने मधल्या सगळ्या खेळ्या सोडून शेवटचीच स्थिती पटावर मांडून ठेवली.

लिफ्टवाला आला, बसला आणि त्याने पटाकडे पाहिलं.

"इथे तुम्ही बरोबरी मागितलीत," ती म्हणाली.

"हो."

"मात होती."

"आता बघतोय तर... आहे खरी."

"तेव्हा दिसली नव्हती?"

"नव्हती."

"मुंगीला परवा बोलता बोलता दाखवलीत."

चारही आरशांत तो खाली बघत होता.

"माझी दया आली?"

"नाही हो!"

"मग?"

"सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मी तुमच्याशी खोटं खेळलो नाही. एवढं हवं तर लिहा."

"लिहिण्यासारखं काही राहिलंच नाही. मी चिटणिसांना कळवते, दुसरा डाव निवडा म्हणून."

ती एकेक सोंगटी डब्यात टाकू लागली. तो उठला. मग दाराशी जाऊन म्हणाला, "येतो." ती म्हणाली, "बरं." बस, एवढंच.

तो गेल्यावर मुंगीने विचारलं, "आत्या, म्हणजे तू हरली असतीस?"

"हो."

"आणि हरली नाहीस."

"हो."

"मग राग कसला आलाय?"

"तुझा गृहपाठ झाला का?" आत्याने विचारलं.

*

यानंतरच्या शनिवारी दुपारी दुकानाचं दार धाडकन उघडून मामा आत आले. नाकावरचा चष्मा काढून त्यांनी काउंटरवर आपटला. म्हणजे आपटल्यासारखा केला. चष्मा नवा होता.

"हा घे तुझा चष्मा, पोरी! मान खाली घातली की नाकावरून थेट ओठावर. बुद्धिबळ काय मान वर करून खेळायचं?"

"बघू." तिने चष्मा हातात घेतला. "बसा ना मामा. आधी का नाही आलात?"

"चार वेळा निघालो! दर वेळी आमचा भाचा आडवा येतो. म्हणे, छान बसलाय चष्मा. नाक माझं, कान माझे, आणि छान बसलाय हे ठरवणार हा! आज तो कामावर गेला, म्हणून सटकलो." मामा खुर्चीत बसले आणि एकदम त्यांना मूळ दुःख आठवलं. "या चष्म्यापायी सामना गेला माझा, ठाऊक आहे?"

"चष्म्यापायी?"

"नाहीतर काय! माझ्या खेळाडूंना मी मध्येच बोलून त्रास देत नाही. कर्णधाराने बरोबरी घ्यायला सांगितलेली नियमात बसते, पण कुजबुज कशाला? म्हणून खूण ठरवलीय. मी नाकावर बोट ठेवलं, की बरोबरी मागायची. साधी गोष्ट. तर त्या दिवशी माझा चष्मा घसरला. मी वर केला. कशाने करणार? बोटाने! आणि या शहाण्याने नेमकं तेव्हाच माझ्याकडे बघितलं. वजिराकडे निघालेला हात मागे घेतला, आणि दोन खेळ्यांत मात असताना तुझ्याकडे बरोबरी मागितली!"

चष्मेवालीने चष्मा उजेडात धरला. काड्या सरळ होत्या. अगदी सरळ, कारखान्यातून आल्या तशा. चष्मा देताना गिऱ्हाइकाच्या कानामागे काड्या गरम करून वाकवायच्या असतात. हे काम तिने हजारदा केलं होतं. पण मामा चष्मा न्यायला आले त्या संध्याकाळी मुंगीच्या सरावाला उशीर होत होता, दुकान बंद करायची घाई होती, आणि ती विसरली.

"तुम्ही त्याला विचारलंत? का मागितली म्हणून?"

"विचारलं? शिव्या घातल्या! म्हटलं, गाढवा, मी चष्मा सावरत होतो. त्यावर हा काय म्हणतो? 'मामा, तुम्ही मला हवं ते बोला, पण हे त्या दुकानात जाऊन सांगू नका.' का, ते सांगत नाही. तुला कळतं का काही?"

"नाही," ती म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

तिने गरम हवेच्या यंत्रावर एक काडी धरली, मऊ झाल्यावर अंगठ्याने वाकवली, मग दुसरी. चष्मा मामांच्या नाकावर चढवला. मामांनी मान खाली घातली, हलवली, बैलासारखी झटकली. चष्मा जागचा हलला नाही.

"हं!" मामा म्हणाले. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी कुणाला दिलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती.

"मामा, तुमचा भाचा आज कुठे आहे कामाला?"

"त्याच वकिलाच्या इमारतीत. पुन्हा अडकलाय तो वकील. का?"

"काही नाही. मुंगी, चपला घाल."

*

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकत होती. त्यामुळे चष्मेवालीला लिफ्टवाल्याचं फक्त डोकं आणि खांदे दिसले, तेही तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर. वकील केव्हाच सुटून गेले होते. तो पान्याने काहीतरी आवळत होता.

"मामा आले होते," ती म्हणाली.

त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

"काय... काय म्हणाले?"

"चष्मा घसरतो म्हणाले."

"छे! छान बसलाय की."

"काड्या सरळ होत्या. मी वाकवायला विसरले होते." ती जमिनीवर बसली, म्हणजे त्याला मान वर करावी लागू नये. "सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तुमच्या हातून काम चुकलं, म्हणून तुम्ही वाचलात, असं?"

"असंच सांगायचं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि तुम्ही मला मुद्दाम सोडलंत असं वाटलं, ते चांगलं वाटलं असेल का?"

लिफ्टवाल्याने पाना खाली ठेवला. बराच विचार केला.

"ती खेळी चुकली माझी," तो म्हणाला.

जिन्यावर बसलेली मुंगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"एक विचारते," चष्मेवाली म्हणाली. "खरं सांगायचं. मामांचा चष्मा घसरला नसता... तर तुम्ही वजीर दिला असता?"

"दिला असता."

"मात केली असती मला?"

"हो."

"माझ्याकडे बघून... जरासुद्धा थांबला नसता?"

"नाही." तो कसनुसा झाला. "रागावलात?"

ती हसत होती. सामना नव्हता, त्यामुळे हसायला हरकत नव्हती. दोन आठवड्यांत ती पहिल्यांदाच अशी हसली. लिफ्टवाला बघतच राहिला, आणि त्याला काही उमजलं नाही की आपण कोणती एवढी मोठी खेळी केली.

"पण मग," तो भीत भीत म्हणाला, "तुम्ही हरून निघून गेला असतात. हरलेली माणसं थांबत नाहीत. पत्रकात दुसराच डाव गेला असता. मग मला तुम्हाला जिन्यात गाठावं लागलं असतं... आणि काहीतरी बावळटासारखं बोलावं लागलं असतं."

"काय बोलला असता?"

"तेच तर. काय बोललो असतो, ते पाठ करतोय त्या दिवसापासून. अजून जमत नाही."

"बोलून बघा. विश्लेषण नंतर करू."

"मला तुमच्यासमोर बसायला आवडतं," तो म्हणाला. "डाव असो, नसो."

खाली कुठेतरी एक दार वाजलं. चष्मेवालीने पदराने... नाही, पदर नव्हता, ओढणीच्या टोकाने त्याच्या कपाळावरचा ग्रीसचा डाग पुसला. तो जास्तच पसरला.

"आधी 'तुम्ही' म्हणायचं बंद कर," ती म्हणाली. "मग चिटणिसांना काय लिहायचं ते ठरवू. मी त्यांना अजून कळवलेलं नाही."

"लिही... 'पांढऱ्याला मात दिसत होती, पण कर्णधाराचा चष्मा घसरला.'"

"ते छापायचे नाहीत."

"मग आपण पुन्हा पहिल्या खेळीपासून बघू. कदाचित दुसरं कारण सापडेल."

"आत्ता?"

"काम संपलंय माझं. मघाशीच."

तेवढ्यात खालून एक बाई दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन वर आल्या. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. तिसऱ्या मजल्यावर पोचताच त्यांनी उघड्या दाराकडे आशेने पाहिलं.

"झाली का गं लिफ्ट सुरू?"

मुंगीने वळून पाहिलं. आत्या जमिनीवर बसली होती, लिफ्टवाल्याने कोपर उंबऱ्यावर टेकलं होतं आणि दोघं बोटांनी फरशीवर, नसलेल्या पटावर, पहिली खेळी करत होती. मुंगी चौथ्या पटावर विचार करायची, तसा तिने थोडा विचार केला.

"नाही काकू," ती म्हणाली. "अजून बराच वेळ लागेल."

आणि तिने काकूंच्या हातातली जड पिशवी घेतली आणि त्यांच्या पुढे होऊन चौथ्या मजल्याचा जिना चढायला लागली.